हप्ते फिटल्यानंतरचे हप्ते



ज्या ग्राहक कार्यकर्त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांनी हयातभर एक प्रश्न सोडला नाही: ग्राहकानं पैसे मोजले, त्याच्या पदरात नेमकं काय पडलं? किराणा दुकानातलं माप, तेलातली भेसळ, रिक्षाचं मीटर, गॅस सिलिंडरचं वजन. प्रत्येक ठिकाणी ते हाच प्रश्न घेऊन गेले. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून या शहराला असं विचारायची सवय लागली आहे. म्हणूनच आजचा विषय मी याच व्यासपीठासाठी राखून ठेवला होता: मोबाइलवरून चालणारी मोटारगाडी आणि तिच्यासाठी भरायचं सबस्क्रिप्शन.

हा विषय श्रीमंतांचा आहे, असं कोणी म्हणेल. आता तसं राहिलेलं नाही. मे २०१९ मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू आली, जूनमध्ये एमजीची हेक्टर, ऑगस्टमध्ये कियाची सेल्टॉस. या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत कारखान्यातूनच सिम बसवून आलं होतं. मग टाटा, महिंद्रा, मारुती कोणीच मागे राहिलं नाही. आज नोकरदार माणूस पाच-सात वर्षांचं कर्ज काढून जी गाडी घेतो, त्या गाडीत ही सोय असते. इलेक्ट्रिक स्कूटरमध्येही असते. आणि हे सगळं आपल्या अंगणात चाललं आहे. गाड्या चाकणला, पिंपरीला, रांजणगावला बनतात. त्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारी मुलंमुली हिंजवडीत बसतात. त्या तपासणारी एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीच्या कुशीत आहे. या प्रश्नावर पुण्यानं बोलायचं नाही, तर कोणी बोलायचं?

आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. त्याशिवाय पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे नाहीत, हे ठरवता येणार नाही.

मे महिन्यातली दुपार आहे. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये तापून निघाली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून तुम्ही फोनवर एसीचं चिन्ह दाबता, आणि थोड्या वेळात खाली गाडी सुरू होऊन थंड व्हायला लागते. आपल्याला वाटतं, फोननं गाडीला सांगितलं आणि गाडीनं ऐकलं. तसं होत नाही. तुमचा हुकूम आधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर कुठल्या शहरात आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. हा फोन कोणाचा, या खात्यावर कुठली गाडी आहे, तिचं सबस्क्रिप्शन चालू आहे का, हे तिथे तपासलं जातं. सगळं जुळलं तरच सर्व्हर मोबाइल नेटवर्कवरून गाडीला हाक मारतो. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा डबा असतो, त्याला टेलिमॅटिक्स युनिट म्हणतात. त्यात सिम असतं. गाडी बंद असली तरी हा डबा बॅटरीतून थेंबभर वीज घेत अर्धवट जागा असतो. हाक आली की तो पूर्ण जागा होतो, गाडीतल्या बाकीच्या कंट्रोलरांना उठवतो आणि एसी लावायला सांगतो. काम झाल्याचा निरोप त्याच वाटेनं उलटा तुमच्या फोनवर येतो.

म्हणजे तुम्ही आणि तुमची गाडी यांच्यात पन्नास पावलांचं अंतर असलं, तरी तुमचा शब्द कंपनीच्या दारावरून जाऊन मग गाडीपाशी पोचतो. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीला हात लावून उभे राहा आणि ॲपवरून दार उघडायचा प्रयत्न करा. तिथे गाडीला रेंज नसेल, तर ॲप म्हणेल, गाडीशी संपर्क होत नाही. काही नव्या गाड्यांत ब्लूटूथवर चालणारी डिजिटल चावी आली आहे, तिचं वेगळं. पण बहुतेक ॲपांची वाट ही अशी लांबून आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये टेस्लाचे सर्व्हर काही तास बिघडले, तेव्हा निरनिराळ्या देशांतले लोक फोन हातात घेऊन स्वतःच्याच गाडीबाहेर खोळंबले होते. ज्यांच्या खिशात कार्डाची चावी होती ते आत गेले. फोनच्या भरवशावर आलेल्यांना वाट पाहावी लागली.

या साखळीला खर्च आहे, हे मी आधीच मान्य करतो. सिमचं भाडं आहे, सर्व्हरचं बिल आहे, रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या माणसाचा पगार आहे, नकाशे ताजे ठेवावे लागतात. जी सेवा रोज नव्यानं द्यावी लागते, तिचे पैसे मागणं रास्त आहे. माझं भांडण तिथे नाही.

माझं भांडण आहे ते त्या साखळीचा उपयोग करून जे केलं जातं त्याच्याशी. तीन गोष्टी सांगतो. पहिली जिवाची, दुसरी मालकीची आणि तिसरी खासगीपणाची.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. फेब्रुवारी २०२३, शिकागोजवळची इलिनॉय राज्यातली लेक काउंटी. एक बाई घरासमोर गाडीतून मुलांना उतरवत होती. एक मूल घरात सोडून ती परत आली, तोवर चोरांनी गाडी ताब्यात घेतली. त्यांनी बाईला मारहाण केली आणि तिच्या अंगावर गाडी घालून पळ काढला. मागच्या सीटवर तिचं दोन वर्षांचं मूल होतं. गाडी फोक्सवॅगनची होती आणि तिच्यात कार-नेट नावाची सेवा होती. गाडी कुठे आहे हे त्या सेवेला कळू शकत होतं. शेरीफच्या कार्यालयातून फोन गेला. पलीकडून उत्तर आलं की या गाडीची फुकट मुदत संपली आहे, सेवा पुन्हा चालू करायला १५० डॉलर भरावे लागतील. तपास अधिकारी विनवणी करत होते. मूल गाडीत आहे, हे सांगत होते. पैसे भरायची व्यवस्था होईपर्यंत सुमारे अर्धा तास गेला, आणि तोवर पोलिसांनी ते मूल दुसऱ्या मार्गानं शोधूनही काढलं होतं. मूल सुखरूप होतं, आईला गंभीर इजा झाली होती. पोलिसांच्या विनंतीसाठी आपली वेगळी पद्धत आहे, सेवा चालवणाऱ्या बाहेरच्या कंपनीनं ती पाळली नाही, असं फोक्सवॅगननं सांगितलं. त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीनं अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच गाड्यांसाठी आपत्कालीन सेवा पाच वर्षं विनामूल्य केली.

आता मला सांगा, फोनवर बोलणारा तो कर्मचारी दुष्ट होता का? मला तसं वाटत नाही. त्याच्यासमोर स्क्रीन होता आणि स्क्रीनवर लिहिलं होतं की मुदत संपली. ज्यानं ती यंत्रणा आखली, त्यानं संकटातली मदतही मुदत संपणाऱ्या सेवांच्या यादीत ठेवली होती. पळवलेलं मूल शोधणंही पैसे भरायच्या पॅकेजमध्येच. पॅकेज संपलं की तेही संपलं.

असं असावंच लागतं का? युरोपनं दाखवून दिलं की नाही. ३१ मार्च २०१८ पासून युरोपीय संघात मंजुरीला येणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीच्या मॉडेलमध्ये ई-कॉल ही व्यवस्था सक्तीची आहे. मोठा अपघात झाला, एअरबॅग फुटल्या, की गाडी स्वतःहून ११२ ला फोन लावते. चालक बेशुद्ध असला तरी चालतं. ठिकाण, वेळ, गाडी कुठल्या दिशेला जात होती, इंधन कोणतं आणि किती पट्टे लावलेले होते, अशी मोजकी माहिती ती पाठवते. रुग्णवाहिकेला आणि अग्निशमन दलाला जे कळायला हवं तेच आणि तेवढंच. एरवी ते सिम झोपलेलं असतं, ते तुमचा माग काढत नाही. आणि याची वर्गणी? शून्य. गाडी दुसऱ्याची, तिसऱ्याची झाली तरी शून्य.

आपल्याकडेही आपत्कालीन क्रमांक ११२ च आहे. आपल्याकडे एआयएस-१४० नावाचं मानक आहे, त्यानुसार बस, टॅक्सी अशा सार्वजनिक वाहनांत ठिकाण कळवणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवावं लागतं. दिल्लीत २०१२ मध्ये चालत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानं देश हादरला, त्यातून हे आलं. म्हणजे तत्त्व आपल्याला मान्य आहे. पण खासगी मोटारीत अपघाताची सूचना जाणार की नाही, हे अजून तिचं मॉडेल कोणतं आणि तिची मुदत संपली की नाही यावर ठरतं. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर रात्री खंडाळ्याच्या उतारावर गाडी कठड्याला धडकते, तेव्हा त्या कुटुंबानं तिसऱ्या वर्षीचं नूतनीकरण केलं होतं का, हा प्रश्न कुणाच्याही मनात येता कामा नये. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या गाडीत सिम आहे आणि एअरबॅगचा सेन्सर आहे, त्या गाडीचा अपघाताचा फोन गाडीच्या आयुष्यभर फुकट लागला पाहिजे. यात मी तडजोड मानत नाही.

दुसरी गोष्ट मालकीची.

जुलै २०२२ मध्ये बातमी आली की बीएमडब्ल्यू दक्षिण कोरियात गरम होणाऱ्या सीटसाठी महिना सुमारे १८ डॉलर आकारणार आहे. सीट गाडीत आहे. तिच्यातली तापणारी तार गाडीत आहे. बटणसुद्धा आहे. हे सगळं गाडीबरोबर विकत आलेलं आहे, त्याचं वजन तुम्ही वाहता, त्यासाठीचं पेट्रोल तुम्ही जाळता. फक्त सॉफ्टवेअरमध्ये एक कुलूप आहे आणि महिन्याचे पैसे भरले की ते उघडतं. जगभर इतका संताप झाला की पुढच्याच वर्षी कंपनीनं सीटसाठी असे पैसे घेणं सोडून दिलं. त्याच सुमारास मर्सिडीजनं अमेरिकेत आपल्या काही इलेक्ट्रिक गाड्या जास्त जोरात पळाव्यात यासाठी वर्षाला १,२०० डॉलरचं पॅकेज आणलं. मोटर तीच, बॅटरी तीच. पैसे भरले की गाडी जोर धरते.

आपल्या घरी दुधाचा रतीब असतो. रतीब बंद केला की दूध बंद, त्यात गैर काही नाही. पण रतीब बंद केला म्हणून दूधवाला स्वयंपाकघरात येऊन आपलं पातेलं उपडं करून जात नाही. पातेलं आपलं आहे.

टोयोटाचं उदाहरण मला यात सगळ्यात जास्त खटकतं. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत बाहेर आलं की टोयोटाच्या काही गाड्यांत साध्या चावीच्या बटणानं दुरून इंजिन चालू करण्याची सोय कंपनीच्या रिमोट सेवेच्या सबस्क्रिप्शनला बांधलेली आहे. तेव्हा दर होता महिन्याला ८ डॉलर किंवा वर्षाला ८०. नीट लक्ष द्या. ही फोनची गोष्ट नाही. ही खिशातल्या चावीची गोष्ट आहे. चावी थेट गाडीशी रेडिओ लहरींनी बोलते. मध्ये सर्व्हर नाही, सिम नाही, नेटवर्क नाही, रात्री दोनला फोन उचलणारा माणूस नाही. कंपनीला एका पैशाचा चालू खर्च नाही. तरीही फुकट मुदत संपली की चावीचं ते बटण मुकं. खर्च आहे म्हणून वर्गणी, या कारणाचा आधारच इथे उरत नाही. उरतं ते एवढंच की बंद करता येतं, म्हणून बंद केलं.

बंद करता येतं, ही ताकद किती मोठी आहे, हे एका चांगल्या कामामुळेही कळलं. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडाकडे येत होतं. लाखो लोक घरं सोडून निघाले होते. टेस्लाच्या काही स्वस्त मॉडेलांत बॅटरी मोठीच होती, पण तिचा काही भाग सॉफ्टवेअरनं कुलूपबंद केलेला होता. कंपनीनं दुरूनच ते कुलूप तात्पुरतं उघडलं आणि गाड्या एका चार्जमध्ये जास्त अंतर जाऊ लागल्या. लोकांचे जीव वाचावेत म्हणून केलं, चांगलंच केलं. पण त्या दिवशी सगळ्यांना दिसलं की ते मालक आपल्या गाडीत जी बॅटरी ओढत होते, तिचा एक तुकडा त्यांच्या हुकमतीत नव्हता. वादळ गेलं, कुलूप परत लागलं.

मालकीच्या या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. ती म्हणजे आयुष्य. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. नेटवर्कचं आयुष्य किती? एअरटेलनं आपलं थ्रीजी नेटवर्क २०२० मध्ये बंद केलं. अमेरिकेत तर गाडीला नेटवर्कनं जोडणाऱ्या सेवेची सुरुवातच या दुखण्यानं पछाडलेली आहे. जनरल मोटर्सची ऑनस्टार ही सेवा १९९६ मध्ये कॅडिलॅक गाड्यांसाठी आली, जगातल्या पहिल्या मोठ्या सेवांपैकी ती एक. तेव्हाचं मोबाइल नेटवर्क ॲनालॉग होतं. २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेत ते बंद झालं आणि ज्या गाड्यांचं यंत्र बदलण्यासारखं नव्हतं, त्यांची ऑनस्टार कायमची गेली. पुन्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीनं थ्रीजी बंद केलं आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांचा संपर्क तुटला. त्यात अपघाताची सूचना देणारी सेवाही होती. ब्रिटनमध्ये निस्साननं जुन्या लीफ इलेक्ट्रिक गाड्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद केलं. कुठे नेटवर्क जातं, कुठे कंपनीच जाते. अमेरिकेतल्या फिस्कर या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीनं जून २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा मालकांपुढे पहिला प्रश्न सुट्या भागांचा आणि लगोलग दुसरा सर्व्हरचा उभा राहिला.

म्हणून माझी मागणी अशी. गाडी विकताना शोरूममध्ये मायलेज लिहितात, वॉरंटी लिहितात, तशी त्याच कागदावर तीन वाक्यं हवीत. फोनवरच्या सेवा कुठल्या तारखेपर्यंत फुकट आहेत. नंतर आजच्या दरानं किती पैसे पडतील. आणि कमीत कमी किती वर्षं ही सेवा चालू ठेवण्याची हमी कंपनी देते. आज यातली पहिली गोष्ट सेल्समन तोंडी सांगतो, दुसरी विचारली तर सांगतो, आणि तिसरी कोणीच सांगत नाही.

तिसरी गोष्ट खासगीपणाची, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं एक बातमी छापली. शेव्हरले बोल्ट ही गाडी भाड्यानं घेतलेल्या एका माणसाचा विम्याचा हप्ता एकाएकी २१ टक्क्यांनी वाढला. आयुष्यात त्यानं अपघात केलेला नव्हता. दुसऱ्या विमा कंपन्यांकडे गेला तर तिथेही चढे दर. एका एजंटानं सांगितलं, लेक्सिसनेक्सिस या माहिती विकणाऱ्या कंपनीकडे तुमचा अहवाल आहे, तो मागवून बघा. त्यानं मागवला. १३० हून अधिक पानं नुसत्या प्रवासाच्या नोंदींची निघाली. त्यात सहा महिन्यांत त्यानं आणि त्याच्या बायकोनं केलेल्या ६४० फेऱ्यांची नोंद होती. गाडी कधी निघाली, कधी पोचली, किती मैल गेली, कुठल्या फेरीत वेग वाढला, कुठल्या फेरीत करकचून ब्रेक लागला. माहिती पुरवली होती जनरल मोटर्सनं, ऑनस्टारच्या स्मार्ट ड्रायव्हर नावाच्या योजनेतून. ही योजना चालकाला चांगलं चालवायला शिकवण्यासाठी आहे, असं सांगितलं जात होतं. बातमीनंतर कंपनीनं हे बंद केलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की पाच वर्षं कंपनीला चालकांचं ठिकाण आणि वागणं यांची माहिती अशा अहवाल विकणाऱ्या संस्थांना देता येणार नाही.

करकचून लावलेला ब्रेक म्हणजे काय हो? लक्ष्मी रोडवर संध्याकाळी गाडी चालवून बघा. समोरून उलट्या बाजूनं दुचाकी येते, मध्येच पोरगं धावत येतं. तो ब्रेक बेफिकिरीचा नसतो, सावध माणसाचा असतो. यंत्राला फक्त आकडा दिसतो. त्या आकड्यावरून कोणीतरी कुठेतरी माझी किंमत ठरवणार, आणि ते मला कधी कळणार? हप्ता वाढल्यावर.

आपल्याकडेही विमा नियामक आयआरडीएआयनं जुलै २०२२ मध्ये गाडी किती आणि कशी चालवता यावर हप्ता ठरवणाऱ्या योजनांना परवानगी दिली आहे. मी त्या योजनांच्या विरोधात नाही. आठवड्यातून एकदा भाजीला गाडी काढणाऱ्या निवृत्त शिक्षिकेनं रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाइतका हप्ता का भरावा? पण ते तिनं विमा कंपनीशी समोरासमोर ठरवलेलं असावं. गाडीच्या ॲपमध्ये ‘मान्य आहे’ वर बोट ठेवलं, त्यातून ते परस्पर घडू नये.

मोझिला फाउंडेशननं सप्टेंबर २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडांची गोपनीयता धोरणं तपासली. पंचवीसच्या पंचवीस नापास. आणि गोळा केलेली माहिती सांभाळता तरी येते का? डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत उघड झालं की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती नीट संरक्षण न देता क्लाउडवर पडून होती. त्यातल्या सुमारे ४ लाख ६० हजार गाड्यांची ठिकाणं इतकी अचूक होती की माणूस कुठे राहतो, कुठे जातो, हे सहज कळावं. केऑस कॉम्प्युटर क्लब या संगणकतज्ज्ञांच्या जुन्या संघटनेनं कंपनीला कळवलं, म्हणून ते बंद झालं.

पण मला ज्या धोक्याबद्दल पोटतिडकीनं बोलायचं आहे, तो परक्या हॅकरचा नाही. तो घरातला आहे. गाडी बहुधा नवऱ्याच्या नावावर, ॲपही त्याच्याच फोनवर. बाई त्रासाला कंटाळून मुलांना घेऊन माहेरी निघाली, तर ती कुठल्या रस्त्यानं, कुठल्या गावात, कुठल्या वकिलाच्या दारात थांबली, हे त्याला बसल्या जागी दिसतं. अमेरिकेत अशी प्रकरणं न्यायालयांत गेली. त्या बायकांनी मोटार कंपन्यांना विनवलं, तेव्हा उत्तर मिळालं की खातं नवऱ्याच्या नावावर आहे, आम्ही काही करू शकत नाही. यावर कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा केला. छळाला बळी पडलेल्या व्यक्तीनं आवश्यक ती कागदपत्रं दिली, की कंपनीनं कामकाजाच्या दोन दिवसांत त्या दुसऱ्या माणसाचा ॲपचा संपर्क तोडायचा. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा आहे, तेव्हा असल्या गाड्या रस्त्यावर नव्हत्या. संरक्षण अधिकाऱ्यांना, पोलीस ठाण्यातल्या महिला कक्षांना निदान एवढं शिकवायला हवं की घर सोडून आलेल्या बाईला पहिल्या भेटीतच विचारा, गाडी कुठली आहे आणि तिचं ॲप कोणाच्या फोनवर आहे?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. त्यानंतर डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरची बहुतेक बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची आहेत. कायदा मोटारीसाठी खास नाही, पण मोटारीला लागू आहे. संमती मागताना कारण सांगावं लागेल, आणि संमती मागे घेता आली पाहिजे. ही हत्यारं आपल्या हातात येत आहेत, ती वापरायला शिकू या.

या तीन गोष्टींना जोडून सुरक्षिततेबद्दल एकच मुद्दा थोडक्यात. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघा संशोधकांनी घरी बसून हमरस्त्यावर धावणाऱ्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला. पत्रकार आत बसलेला होता, त्याला कल्पना देऊनच केलं. त्यानंतर कंपनीनं १४ लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायला घेतलं. गाडी इंटरनेटला जोडली तेव्हाच हा धोका जोडला गेला. त्यामुळे सुरक्षेचं अपडेट हे कधीही, कुठल्याही पॅकेजचा भाग असता कामा नये. ते ब्रेकच्या दोषासारखंच निर्मात्याच्या पदरचं काम आहे.

आता शेवटचा विषय, अगदी जमिनीवरचा. जुनी गाडी.

आपण गाडी विकतो तेव्हा काय करतो? फॉर्म २९ भरतो, फॉर्म ३० भरतो. कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ आणून आरसीवरचा बोजा उतरवतो. विमा नावावर करून देतो, दुसरी चावी देतो, सर्व्हिसचं पुस्तक देतो. आरटीओत नाव बदललं की व्यवहार पुरा झाला असं समजतो. ॲपचं काय? जुन्या मालकानं स्वतःहून गाडी खात्यातून काढली नाही, तर ती त्याच्या फोनवर तशीच दिसू शकते. नवा मालक कुठे आहे ते त्याला कळू शकतं, काही गाड्यांत दारही उघडता येतं. २०१७ मध्येच आयबीएममधल्या एका सुरक्षातज्ज्ञानं जाहीर परिषदेत सांगितलं होतं की गाडी विकून काही वर्षं झाली तरी तिचा ताबा माझ्या ॲपवर अजून आहे. बहुतेक वेळा जुना मालक सज्जन असतो, त्यानं ॲप केव्हाच काढून टाकलेलं असतं. पण ॲप काढून टाकणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे, आणि सगळी माणसं सज्जन असतील या भरवशावर कायदे होत नाहीत.

जुन्या गाड्यांच्या बाजारात जाणाऱ्या प्रत्येकानं पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवावं. त्याच्याच फोनवरून गाडी खात्यातून काढायला लावावी, गाडीच्या स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेट करावा, फोनबुक आणि ‘घर’ म्हणून साठवलेला पत्ता पुसला गेला का ते बघावं, आणि मग आपलं खातं जोडून एकदा दार उघडून पाहावं. विकणाऱ्यानंही हे आग्रहानं करावं. त्याच्या घरचा पत्ता आणि त्याच्या माणसांचे नंबर त्या गाडीत असतात.

पण हे प्रत्येकाच्या दक्षतेवर सोडून चालणार नाही. फॉर्म २९ आणि ३० हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतले आहेत, ते दिल्लीत बदलावे लागतील. काही कार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी मिळून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा केला आहे. त्यात चार मागण्या आहेत. हस्तांतराच्या फॉर्ममध्ये ॲपचं खातं तोडल्याची आणि जोडल्याची रकाना भरून नोंद व्हावी. अपघाताची सूचना आणि सुरक्षेची अपडेट गाडीच्या आयुष्यभर विनामूल्य असावीत. विक्रीच्या कागदावर सबस्क्रिप्शनची तारीख, दर आणि हमीची वर्षं छापली जावीत. आणि छळाची तक्रार आल्यावर ॲपचा संपर्क ठरावीक मुदतीत तोडण्याचं बंधन कंपन्यांवर यावं. मसुद्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. वाचा, पटत नसेल तिथे पेननं खुणा करा, पटलं तर सही करा. वकील मंडळी इथेच बसली आहेत. पुढचा अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे, आणि पहिला प्रश्न ज्यांनी नुकतीच गाडी बुक केली आहे त्यांनी विचारावा, अशी माझी विनंती आहे.